इमर्जन्सीत नव्या व्हेट टेक्निशियनने आधी काय शिकावं?

चिमटा

नमस्कार मंडळी. आतापर्यंत मी ओपीडीत होते. लसी, ड्रेसिंग, ऑपरेशनच्या आधीची तयारी, असं ठरलेलं काम. पुढच्या महिन्यापासून इमर्जन्सी आणि आयसीयूत बदली झालीय. घाबरले आहे असं नाही, पण झोप जरा कमी लागतेय हे खरं.

तयारी म्हणून एक वही केलीय. अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅट्रोपिन, डायझेपाम, कॅल्शियम ग्लुकोनेट, सगळ्यांचे डोस पाठ करतेय. आमच्या सीनियर ताईंनी वही चाळली, म्हणाल्या, "डोस भिंतीवर लावलेले असतात गं, तू बघायला शीक." आणि निघून गेल्या. आता बघायला म्हणजे नक्की काय, हे त्यांना परत विचारायची सोय नाही, कारण त्या तशाच आहेत. इथे आयसीयूत काम केलेली बरीच मंडळी आहेत म्हणून धागा काढला. आधी काय शिकू?

रात्रपाळी

ताईंचं बरोबर आहे, फक्त अर्धं सांगून गेल्या. बघायचं, आकडा घ्यायचा आणि तो मोठ्याने सांगायचा. तिसरा भाग लोक विसरतात.

बघणं दारापासूनच सुरू होतं. कुत्रं चालत आलं की उचलून आणलं? मान उचलतंय का? हाक मारल्यावर डोळे फिरतात का? श्वास घेताना कोपरं बाहेर काढून मान ताणलीय का, छाती वर जाताना पोट आत जातंय का? एवढं टेबलापर्यंत येईतो दिसायला हवं, हात न लावता. तोंडाने मालकाला "काय झालं?" विचारत असता, डोळे मात्र जनावरावर.

मग हात. हिरडी बघा, बोटाने दाबून सोडा. रंग एक ते दोन सेकंदांत परत यायला हवा. दोनच्या वर गेला तर रक्त पोचत नाहीये हे सगळ्यांना माहीत असतं. पण एक सेकंदाच्या आत टपकन आला आणि हिरडी लालभडक असेल तर काय? नवीन माणूस "छान गुलाबी आहे" असं लिहून मोकळा होतो. ती सेप्सिसची किंवा उष्माघाताची सुरुवात असू शकते. दुसरीकडे, मेलेल्या जनावराच्या हिरडीतही थोडा वेळ रंग परत येताना दिसतो, म्हणून एकट्या सीआरटीवर, म्हणजे रंग परत यायला लागणाऱ्या वेळावर, भिस्त ठेवू नका.

कानात स्टेथो आणि त्याच वेळी दुसरा हात मांडीच्या आत, फीमोरल नाडीवर. ठोके ऐकू येतात तेवढेच बोटाखाली लागतात का? कमी लागले तर हृदय आकुंचन पावतंय पण रक्त पुढे ढकललं जात नाहीये. लगेच सांगा आणि ईसीजी जोडा. मग पंजे गार आहेत का ते. तापमान शेवटी, पण टाळायचं नाही.

कुत्र्याच्या ठोक्यांचा ढोबळ पट्टा ६० ते १४०. मोठं कुत्रं खालच्या बाजूला, छोटं वरच्या. मांजराचा १४० ते २२०. शॉकमधल्या, म्हणजे अंगाला रक्त पुरेनासं झालेल्या, कुत्र्याचे ठोके वाढतात आणि तुम्हाला ते कळतं. शॉकमधलं मांजर बऱ्याचदा उलटं वागतं. ठोके कमी, अंग गार, बीपी खाली. टेबलावर गप पडलेलं, ठोके १२० आणि ताप ९६ फॅरनहाइट असलेलं मांजर "शांत स्वभावाचं" नसतं.

सलाइन

रात्रपाळी, सगळं मान्य, पण बघून करणार काय? शिरेत लाइन नसेल तर डॉक्टरने ऑर्डर दिलेलं औषध घालणार कुठे? माझ्या मते नव्या माणसाने पहिल्या महिन्यात एकच गोष्ट शिकावी, कोसळलेल्या जनावराची शीर मिळवणं. ओपीडीतलं तंदुरुस्त लॅब्रेडॉर धरून लाइन घेता येणं वेगळं आणि बीपी पडलेल्या कुत्र्याच्या चपट्या शिरेत शिरणं वेगळं.

चिमटा, लक्षात ठेव. केस रुंद पट्ट्यात काप, कंजुसी नको. शीर दिसणार नाही, ती पायाच्या हाडाच्या कडेने बोटाखाली चाचपायची. पाण्याची कमतरता असलेल्या जनावराची कातडी चिवट होते. ती कॅथेटरनेच (शिरेत ठेवायची बारीक नळी, आत सुई असते) भोसकायला गेलीस तर कॅथेटरचं टोक सुरकुततं आणि मग ते शिरेत सरकत नाही. म्हणून कातडी बाजूला ओढायची, जाड सुईच्या टोकाने तिच्यात बारीक चीर द्यायची, कातडी परत शिरेवर आणायची आणि मग त्या चिरेतून कॅथेटर. रक्त हबमध्ये, म्हणजे कॅथेटरच्या मागच्या टोकात, दिसलं की लगेच ढकलायचं नाही. सुई आणि कॅथेटर दोन्ही मिळून अगदी थोडं पुढे, मग सुई स्थिर ठेवून कॅथेटर सरकव. बीपी पडलेलं असेल तेव्हा रक्त उसळून येत नाही, हळूच डोकावतं. बहुतेक जण तिथे "गेली शीर" म्हणून बाहेर काढतात.

कॅथेटर जेवढं आखूड आणि जाड, तेवढं सलाइन वेगाने जातं. पोट पिळलेल्या कुत्र्याला, म्हणजे जीडीव्हीला, पुढच्याच पायांत लाइन घ्यायची, शक्यतो दोन्ही पायांत. फुगलेलं जठर पोटातली मोठी शीर दाबून धरतं. मागच्या पायात घातलेलं सलाइन हृदयापर्यंत नीट पोचत नाही.

पिल्लाची शीर मिळतच नसेल तर टोचत बसू नका. हाडात सुई घालायची असते, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी असलेल्या खळग्यातून. डॉक्टर घालतील, पण सुई कुठे ठेवलीय ते तुला ठाऊक हवं.

रात्रपाळी

कातडीची चीर अगदी मोलाची सांगितलीत. पण क्रमाबद्दल माझं मत बदललेलं नाही. धापा टाकणाऱ्या मांजराला लाइनसाठी आडवं धरलं तर लाइन मिळेल, मांजर राहणार नाही. कोणाला हात लावायचा आणि कोणाला नाही, हे आधी कळायला हवं.

मनीमावशी

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावा कुणीतरी.

मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर ते काठावर आहे असं समजायचं. कुत्रं गरमीने जीभ काढतं तसा हा प्रकार नाही. त्याला पिंजऱ्यातून ओढून काढू नका, वजनकाट्यावर ठेवू नका, एक्स-रेला तर मुळीच नेऊ नका. एक्स-रेच्या टेबलावर दगावलेली मांजरं आमच्या पेशात सगळ्यांनी पाहिली आहेत. ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात घाला आणि बाहेरून बघा. श्वास मोजा. श्वास आत घेताना त्रास होतोय की बाहेर सोडताना? उथळ आणि भरभर आहे की पोटाने ढकलल्यासारखा? एवढ्या नोंदीवर डॉक्टरला अर्धा अंदाज येतो. बहुधा ते ब्यूटोर्फानॉलसारखं सौम्य शामक सांगतात, स्नायूत देता येतं, धरपकड लागत नाही. पाच-दहा मिनिटांत मांजर जरा सैल पडतं.

तोवर तुम्ही काय करायचं? छातीतून पाणी किंवा हवा काढायची तयारी. बटरफ्लाय सुई, थ्री-वे, मोठी सिरिंज, मोजायला भांडं, नमुन्याच्या ट्यूब. सातव्या ते नवव्या फासळीच्या दरम्यानची जागा क्लिप करायला मशीन हाताशी. हवा असेल तर वरच्या बाजूला, पाणी असेल तर खालच्या. सुई फासळीच्या पुढच्या कडेने जाते, कारण रक्तवाहिन्या मागच्या कडेला असतात. डॉक्टरने "टॅप करूया" म्हणायच्या आधी ट्रे तयार असला पाहिजे.

आता लघवी तुंबलेला बोका. मालक फोनवर "बद्धकोष्ठ झालंय, सारखा कुंथतोय" असं सांगतात. बोका कुंथतोय म्हटलं की आधी ब्लॅडर बघायचं. हाताला लिंबासारखं टणक, गच्च लागतं आणि बोका गुरगुरतो. गुरगुरत असेल तर एका अर्थी बरंच. गुरगुरतही नसेल तर पळा.

तुंबलेल्या लघवीमुळे रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाला धरतं. ईसीजीवर आधी टी लाट उंच आणि टोकदार होते, मग पी लाट बसत बसत नाहीशी होते, क्यूआरएस रुंद होतो, ठोके मंदावतात. बोक्याचे ठोके शंभरच्या खाली आणि पी लाट दिसत नाही, असं मॉनिटरवर आलं तर लघवीच्या वाटेत कॅथेटर घालायची घाई करायची नाही. आधी हृदय सांभाळायचं. कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू, पाच-दहा मिनिटं घेऊन, डोळे ईसीजीवर ठेवून. देताना ठोके आणखी उतरले तर थांबवायचं. आणि एक गैरसमज काढून टाका. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही. ते हृदयाला थोड्या वेळाची ढाल देतं, तेवढ्या वेळात इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज आपलं काम करतात. "ईसीजी सुधारला, आता निवांत" असं म्हणणाऱ्याच्या हातातला चहा मी काढून घेते.

मोकळा झाल्यावर तो बदाबदा लघवी करतो. सलाइन जेवढं जातंय त्याच्याशी लघवीचा हिशेब दर दोन ते चार तासांनी जुळवायचा, नाहीतर सोडवलेला बोका पाणी कमी पडून परत कोसळतो. लघवीची पिशवी बोक्याच्या पातळीच्या खाली. बोक्याबरोबर पिंजऱ्यातच, त्याच्या शेजारी ठेवलेली पिशवी दिसली की माझं डोकं फिरतं.

चिमटा

बापरे. वहीचं पहिलं पान फाडून नवं सुरू केलं.

एक विचारायचं होतं. समजा डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये हात घालून आहेत आणि माझ्यासमोर धाप लागलेलं कुत्रं आलं. मी स्वतःहून ऑक्सिजन लावला तर चालतं का? लाइन घेतली तर? मर्यादा कुठे येते? ओपीडीत आम्हाला विचारल्याशिवाय थर्मामीटरही लावू देत नसत.

डॉ_खडूस

डॉक्टरांच्या बाजूने सांगतो. ऑक्सिजनसाठी मला विचारायला येणाऱ्या टेक्निशियनवर मी आजवर अनेकदा ओरडलोय. लावा आणि मग ओरडून सांगा. वाहत्या रक्तावर दाब द्या, फिट आलेल्याची ग्लुकोज बघा, बेशुद्ध आणि श्वास नसलेल्याची छाती दाबायला सुरू करा. यासाठी परवानगी मागण्यात गेलेला वेळ जनावराच्या खात्यातून जातो.

औषध आणि सलाइनचा वेग मात्र माझ्या ऑर्डरनेच. जिथे लेखी स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे आधीच देऊन ठेवलेल्या ऑर्डर, आहेत तिथे त्या वाचून घे, सही कोणाची आहे ते बघ. कायदा ठिकठिकाणी वेगळा असतो आणि कागदावर नसलेली परवानगी ही परवानगी नव्हे.

सलाइनवरून एक आठवलं. जुन्या माणसांच्या डोक्यात "शॉक डोस" बसलाय. कुत्र्याला ९० मिली प्रति किलो, मांजराला ६०. तो आकडा म्हणजे अंगातल्या एकूण रक्ताइतका आहे, एका दमात ओतायचा डोस नाही. आम्ही कुत्र्याला १० ते २० मिली प्रति किलो, मांजराला ५ ते १०, साधारण पंधरा-वीस मिनिटांत देतो आणि मग थांबून परत तपासतो. परत तपासणं हे तुझं काम. बोलस, म्हणजे हा एका वेळचा डोस, संपल्यावर तू येऊन "दिलं" म्हणालीस तर मला काहीच कळलं नाही. "ठोके १८० वरून १५० वर, सीआरटी अजून तीन सेकंद, बीपी ७० वरून ८५, पंजे गारच" असं म्हणालीस की पुढचा निर्णय मी दोन सेकंदांत घेतो.

आणि ऑर्डर मिळाली की ती परत म्हण. मी म्हणालो "अ‍ॅट्रोपिन एक मिली", तू म्हणायचं "अ‍ॅट्रोपिन एक मिली, शिरेतून", आणि दिल्यावर "दिलं". यात लाजण्यासारखं काही नाही. माझा आकडा चुकला असेल तर तो तिथेच पकडला जातो. चुकलेला डोस ऐकून गप्प बसणारा टेक्निशियन मला नको.

टॉर्च

डॉक, तुमचं नाव खडूस का आहे ते कळलं, पण मुद्दे लाखातले.

छाती दाबण्याचा विषय निघालाय तर सविस्तर लिहितो, मी तेच शिकवतो. कुत्र्या-मांजरांच्या सीपीआरसाठी रिकव्हर नावाच्या गटाने २०१२ साली पुराव्यावर आधारलेली मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२४ मध्ये ती सुधारली. त्याआधी जो तो आपापल्या अनुभवाने करायचा.

बेशुद्ध आहे, श्वास नाही, एवढं दिसलं की सुरू. नाडी शोधत बसायचं नाही. दहा-पंधरा सेकंदांत ठरवायचं आणि शंका असेल तर दाबायचं. मिनिटाला १०० ते १२०. आडव्या पडलेल्या जनावराची छाती रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत आत जायला हवी, आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर यायला हवी. हात टेकवून ठेवून, अर्धवट सोडत दाबणारे खूप असतात. छाती फुगली नाही तर हृदयात रक्त भरणार कुठून?

हात कुठे, हे छातीच्या ठेवणीवर अवलंबून. लॅब्रेडॉर, शेफर्ड अशा गोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना छातीच्या सर्वांत रुंद भागावर. ग्रेहाउंड, डॉबरमनसारख्या खोल, निमुळत्या छातीच्या कुत्र्यांना थेट हृदयावर, म्हणजे काखेच्या जवळ. बुलडॉगसारख्या पसरट छातीच्या कुत्र्याला उताणं करून छातीच्या हाडावर. मांजर आणि छोटी कुत्री असतील तर एका हाताच्या मुठीत छाती धरून, किंवा दोन्ही हातांचा वेढा घालून अंगठ्यांनी.

दोन मिनिटांची एक फेरी. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, तो कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी. थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळत नाही, दाब उथळ होत जातो. बदलतानाच ईसीजी बघायचा, दहा सेकंदांच्या आत. श्वासनळीतली ट्यूब कुशीवर पडलेल्या अवस्थेतच घालायची, दाबणं न थांबवता. हे सरावाने जमतं.

श्वास मिनिटाला फक्त १०. नव्या माणसाच्या हातात अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दिली की तो घाबरून तीस-चाळीस देतो. जास्त हवा भरली की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि मेंदूकडचा प्रवाहही घटतो. मी बॅग धरणाऱ्याला मनात "एक, दोन..." सहापर्यंत मोजायला लावतो आणि मग एकदा दाब.

कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर तो सगळ्यांत प्रामाणिक साक्षीदार. ट्यूब योग्य जागी असताना सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड १८ मिमी पाऱ्याच्या वर राहिला पाहिजे. खाली असेल तर दाबणारा बदला, हाताची जागा बदला. अचानक तो उडी मारून वर गेला तर हृदय सुरू झालं असण्याची शक्यता आहे.

अ‍ॅड्रेनलिन ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो, तीन ते पाच मिनिटांनी, म्हणजे व्यवहारात एक फेरी सोडून एक. जुन्या काळचा दसपट डोस आता सांगत नाहीत. आणि ऑपरेशनच्या टेबलावर हृदय थांबलं तर सर्वांत आधी भुलीचा गॅस बंद! मग दिलेल्या औषधाचा परिणाम उलटवणारं औषध आहे का ते बघा. भुलीत थांबलेली हृदयं परत सुरू होण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा बरीच चांगली असते, तिथे सोडून देऊ नका.

आणि एक माणूस फक्त घड्याळ आणि कागदावर. तो काहीही दुसरं करणार नाही. "दोन मिनिटं, बदला" एवढंच तो म्हणतो.

नुसताच_वाचक

मी या क्षेत्रातला नाही, कुत्रा पाळलाय म्हणून वाचतोय. नाकाला तोंड लावून फुंकायचं ते खरं आहे की व्हिडिओतलं?

टॉर्च

खरं आहे. तोंड घट्ट मिटवून नाकात फुंकायचं, तीस दाब आणि दोन श्वास या प्रमाणात. पण ते जवळ काहीच नसेल तेव्हा. दवाखान्यात घट्ट बसणारा मास्क आणि बॅग असताना तोंड लावू नका. सुधारित तत्त्वांतही मास्कलाच पसंती आहे. आणि बेशुद्ध पडण्याचं कारण विष किंवा संसर्ग असू शकेल तर अजिबात नाही.

तिसरा_पाय

फोनवर काय सांगायचं, याबद्दल कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे पहिला फोन टेक्निशियनच उचलतो.

उष्माघात झालेलं कुत्रं असेल तर आधी थंड करा, मग गाडीत घाला. पाण्याने भिजवा, पंखा किंवा गाडीचा एसी लावा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता आतच राहते. दवाखान्यात आल्यावर १०३ फॅरनहाइटच्या आसपास थंड करणं थांबवायचं, कारण त्यानंतरही ताप आपोआप उतरत राहतो आणि मग गारठलेलं कुत्रं गरम करत बसावं लागतं.

विष खाल्लं असेल तर पाकीट घेऊन या, औषधाची पट्टी घेऊन या, किती गोळ्या उरल्यात ते मोजा. अ‍ॅसिड, फिनेल, रॉकेलसारखं काही असेल किंवा जनावर अर्धवट शुद्धीत असेल तर ओकारी काढायची नाही. मांजराला घरी हायड्रोजन पेरॉक्साइड पाजू नका. मांजराने लिलीचं फूल, पान, अगदी परागही चाटले असतील तर "बरं दिसतंय" तरी लगेच आणा, किडनी जाते. पॅरासिटामॉल दिलं असेल तर तेही लगेच. अशा मांजराच्या हिरड्या तपकिरी पडतात आणि पल्स ऑक्सिमीटरचा आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो.

शिवाय एक. डोक्याला मार बसलेल्या जनावराचं रक्त मानेतल्या शिरेतून काढू नका, मानेला पट्टाही नको. मानेची शीर दाबली की मेंदूतला दाब वाढतो. पायातून घ्या, आणि डोकं, मान, छाती सरळ रेषेत ठेवून पुढचा भाग थोडा उचला, १५ ते ३० अंश. उशी फक्त मानेखाली खुपसली तर मान वाकते, फळी तिरपी करा.

सलाइन

पल्स ऑक्सिमीटर निघालाच आहे तर. गार, कोरड्या किंवा काळ्या जिभेवर तो काहीही दाखवतो. ऑक्सिमीटरचे ठोके आणि स्टेथोचे ठोके जुळत नसतील तर त्या आकड्याला केराची टोपली. आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये हा पठ्ठ्या ९९ दाखवत राहतो. आगीतून आणलेल्या जनावराला आकडा चांगला दिसला तरी ऑक्सिजन काढू नका.

पांघरूण

सगळे दारातल्या धावपळीबद्दल लिहितायत. मला आयसीयूची बाजू मांडू द्या, कारण जीव तिथेही जातात, फक्त आवाज न करता.

डॉ. रिबेका कर्बी यांची "रूल ऑफ ट्वेंटी" नावाची यादी आयसीयूत वापरतात. पाणी, प्रथिनं, साखर, क्षार, श्वास, शुद्धी, बीपी, हृदय, रक्त गोठणं, लघवी, पोटाची हालचाल, खाणं, वेदना, जखमा, अशा वीस गोष्टी रोज प्रत्येक पेशंटवर फिरून बघायच्या. शेवटचा मुद्दा चक्क माया आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. आता मांजराच्या कपाळावरून ओल्या कापसाने पुसत असताना ते जेवायला लागतं तेव्हा हसू येत नाही.

एकच आकडा काही सांगत नाही, ओळीने चार आकडे बोलतात. झोपलेल्या कुत्र्याचे श्वास १६, २०, २४, २८ असे चढत असतील तर प्रत्येक आकडा एकटा पाहिला तर बरा वाटतो. ओळीने वाचलं की फुप्फुसात पाणी साचतंय का, अशी शंका यायला हवी. त्याच वेळी वजन बघा, सलाइनवरच्या पेशंटचं रोज एकाच काट्यावर, दिवसातून दोनदा तरी. वजन चढलं, नाकातून पातळ पाणी आलं, डोळ्यांच्या आतलं आवरण सुजलं, तर सलाइन जास्त होतंय. लघवी साधारण १ ते २ मिली प्रति किलो प्रति तास हवी. गादी ओली झाली असेल तर ती कोरडी असतानाचं वजन वजा करून मोजा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरायचं.

जीडीव्हीचं ऑपरेशन छान झालं म्हणून ईसीजी काढू नका. वेड्यावाकड्या व्हेंट्रिक्युलर ठोक्यांचा त्रास बऱ्याचदा ऑपरेशननंतर पहिल्या दिवस-दीड दिवसात उफाळतो. लॅक्टेटचंही (रक्त कमी पोचलं की अंगात वाढणारं आम्ल) तसंच. आल्यावर किती होतं यापेक्षा सलाइननंतर किती उतरलं याला जास्त वजन.

उठू न शकणाऱ्याला दर चार तासांनी कूस बदलून द्या, डोळ्यांत मलम घाला, तोंड ओलं करा. मांजर तीन दिवस जेवलं नसेल तर चार्टवर लाल शाईने लिहा आणि डॉक्टरच्या नाकासमोर धरा, यकृताला चरबी धरते.

रक्त चढवताना पहिला अर्धा तास हळू, आणि खुर्ची पेशंटसमोर. मांजराचा रक्तगट न बघता पहिली पिशवीसुद्धा लावू नका. बी गटाच्या मांजराला ए गटाचं थोडंसं रक्तही जीवघेणं ठरतं.

चिमटा

सगळ्यांचे खूप आभार. रात्रपाळी, तुम्ही म्हणालात तसं आजपासूनच ओपीडीत प्रत्येक कुत्र्याच्या हिरडीवर बोट आणि मांडीत हात सुरू केलंय. तंदुरुस्त कसं लागतं हेच आधी हाताला माहीत नव्हतं, हे कळलं. डॉक्टर विचारत होते, लस द्यायला आलेल्या पगची नाडी का मोजतेयस.

शेवटचा प्रश्न. क्रॅश कार्टची, म्हणजे इमर्जन्सीच्या सामानाच्या गाडीची, जबाबदारी माझ्याकडे येणार आहे. फिटसाठी डायझेपाम आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलं तर वेळ वाचेल ना?

रात्रपाळी

नको. डायझेपाम प्लॅस्टिकला चिकटतं आणि उजेडानेही बिघडतं, भरून ठेवलेल्या सिरिंजमधून डोस पुरा जात नाही. अँप्यूल, सिरिंज, सुई आणि मलद्वारातून द्यायची मऊ नळी एका पाकिटात बांधून ठेव. नाकातून मिडॅझोलाम (तेही फिटचंच औषध) द्यायचं अ‍ॅटोमायझर, म्हणजे फवारा मारायचं टोक, मिळालं तर डॉक्टरांना विचारून तेही ठेव. शिरेतली लाइन नसताना मलद्वारातल्या डायझेपामपेक्षा ते सरस ठरलंय.

कार्ट रोज पाळीच्या सुरुवातीला बघायची आणि वापरल्यावर लगेच भरायची. लॅरिंगोस्कोपचा (ट्यूब घालताना घसा बघायचं साधन) दिवा लावून बघ, बल्ब नेमका तेव्हाच गेलेला असतो. प्रत्येक ट्यूबचा फुगा फुगवून सोडून बघ. ट्यूब बांधायची पट्टी तयार कापलेली ठेव. ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून काटा बघ, "भरलेला आहे" या चिठ्ठीवर विश्वास नको.

सलाइन

आणि कार्टमधली कात्री दोरीने बांधून ठेव. ड्रेसिंगवाले नेतात.

मनीमावशी

दोरीसकट नेतात.